लेक काळवंडत होती आणि आम्ही उटणं लावत होतो

आमच्या घरात ग्लुकोमीटर आला तो अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ७८, पंधरा वर्षं झाली शुगर आहे, रोज सकाळी चहाच्या आधी बोट टोचून घ्यायचं आणि आकडा जुन्या डायरीत लिहायचा हा त्यांचा नेम. त्या मशीनवर माझ्या १६ वर्षांच्या पोरीचं बोट कधी टोचावं लागेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

विसर्जनानंतरची संकष्टी होती. आम्ही सांगलीचे, गणपतीचं गाव, त्यामुळं संकष्टी घरात पाळतातच आणि आमची लेक सातवीपासून आजीबरोबर उपवास धरायची, कुणी सांगितलं म्हणून नाही, तिला आवडायचं, आजी-नातीचं ते एक जमलेलं होतं. त्या दिवशी क्लासवरून आली ती गप्प होती, खिचडी चार घास खाऊन ठेवून दिली होती. रात्री चंद्र बघायला दोघी गच्चीवर गेल्या आणि दोन मिनिटांत आईची हाक आली. जिन्यात बसली होती पोरगी, दरदरून घाम, हात थरथरतायत, मी नाव घेऊन हाक मारली तर माझ्याकडं बघतीय पण ओळख नाही डोळ्यात. अण्णांनीच खालून ओरडून सांगितलं, अरे मशीन आण. आकडा आला ५१. मला त्यातलं काही कळत नव्हतं पण अण्णांचा चेहरा उतरला, ते म्हणाले साखर घाल तोंडात आधी, बाकीचं नंतर. साखरेचं पाणी पाजलं, पंधरा-वीस मिनिटांत पोरगी बोलायला लागली आणि पहिलं काय म्हणाली तर, आरती राहिली ना आज्जी.

नंतर समजलं की याला डॉक्टरी भाषेत एक रीतसर कसोटी आहे. साखर कमी झाल्याची लक्षणं दिसली पाहिजेत, त्याच वेळी मोजलेली साखर खरंच कमी पाहिजे आणि साखर दिल्यावर लक्षणं गेली पाहिजेत. अमेरिकेतल्या ॲलन व्हिपल नावाच्या सर्जननी ती मांडली, त्यांच्या नावानंच ओळखतात. तिन्ही गोष्टी त्या रात्री आमच्या जिन्यात झाल्या होत्या. पण आम्ही काय म्हणालो? उपवास झेपला नाही. दुसऱ्या दिवशी आईनं जाहीर केलं की आता परत उपवास धरायचा नाही आणि विषय संपला. आमच्यापुरता संपला, तिच्यापुरता नाही.

खरं तर सुरुवात त्याच्या किती तरी आधी झाली होती. दहावी झाली, मार्क चांगले पडले, जूनमध्ये अकरावी सायन्सला ॲडमिशन घेतली, विश्रामबागला क्लास लावला. ही पोरगी शाळेत खो-खो खेळायची हो, पाठीवर थाप पडायच्या आधी उठून पळणारी. तीच पोरगी जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी आली की दप्तर टाकून जी झोपायची ती दिवेलागणीला उठवावी लागायची. सकाळी उठताना भिंतीला धरून उभी राहायची, म्हणायची डोळ्यापुढं अंधार येतोय. जिना चढला की बसायची. सायकल सोडून दिली, म्हणाली पप्पा मला स्कूटीवर सोडाल का. आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो रात्री मोबाईल ठेव म्हणजे सकाळी उठवेल. एकदा नाही, दहा वेळा म्हणालो असेन. तिची आई म्हणायची अगं या वयात आम्ही विहिरीवरनं पाणी आणायचो. क्लासच्या सरांचा फोन आला की लक्ष नसतं, बाकावर डोकं ठेवून असते, तेव्हा तर मी तिला समोर बसवून फीचा आकडा ऐकवला होता. ती काहीच बोलली नाही. फक्त म्हणाली, पप्पा मी खरंच दमते. माझ्या कानात ते वाक्य अजून आहे आणि ते जाणार नाही हे मला माहीत आहे.

आता रंगाचं सांगतो, कारण हा सगळा लेख मी त्याच्यासाठीच लिहायला घेतलाय.

आमची लेक तशी गहूवर्णी, आईवर गेलेली. पावसाळ्यात ती काळवंडायला लागली. हळूहळू होत होतं म्हणून आम्हाला रोज बघणाऱ्यांना कळलं नाही पण पाहुण्यांना कळलं, आणि पाहुण्यांना जे कळतं ते पाहुणे बोलतात. गौरीला आलेली चुलत आत्या दारातच म्हणाली, अगं बाई केवढी काळी पडलीस! कुणी म्हणालं उन्हात फिरते, कुणी म्हणालं वयात येताना होतं असं. पण ऊन कुठलं, अख्खा ऑगस्ट पाऊस पडत होता! कुणीतरी साय आणि हळद सांगितली, कुणी मसूर डाळीचं पीठ, मावशीनं कोल्हापूरहून कसलं तरी क्रीम पाठवलं. आणि आम्ही हळदीच्या गावचे, मी स्वतः मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर गेली बावीस वर्षं हिशेब लिहितो, आमच्या घरात हळदीला काय तोटा. दिवाळीत पहिल्या अंघोळीला आईनं तिला पाटावर बसवून उटणं असं घासलं, असं घासलं की पोरीच्या डोळ्यात पाणी आलं. घासून निघणारं नव्हतंच ते. पण त्या घरभर बसलेल्या माणसांपैकी एकाच्याही मनात, माझ्याही नाही, असं आलं नाही की माणसाचा रंग आपोआप का बदलेल? लग्नाच्या बाजारात किती किंमत कमी होईल एवढाच हिशेब आमच्या डोक्यात असतो, मुलीचा रंग म्हटलं की. मुलगा असता तर कदाचित हे कुणाच्या नजरेतही आलं नसतं. मुलगी होती म्हणून नजरेत आलं, पण चुकीच्या कारणासाठी.

हळदीच्या सौद्यात काय करतात, पोत्यातून हळकुंड उचलायचं आणि मोडून बघायचं. वरून पॉलिश कितीही चांगलं असू दे, आतला रंग बघितल्याशिवाय खरेदीदार बोली लावत नाही. रोज माझ्यासमोर हे चालतं.

दवाखाने सुरू झाले ते संकष्टीनंतर. कुणाचं नाव घेत नाही, कारण मला कुणावर खटला भरायचा नाही, प्रत्येकानं त्याच्यासमोर जे होतं ते बघितलं, एवढंच की प्रत्येकासमोर एकेकच तुकडा होता. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन १०.४, मुलींमध्ये कॉमन आहे म्हणाले, लोहाच्या गोळ्या दिल्या. साखरेचं सांगितलं तर लॅबमधून तपासून घेऊ म्हणाले, आम्ही गेलो सकाळी दहाला पोटभर पोहे खाऊन, साखर आली ९२. नॉर्मल. परत एकदा उपाशीपोटी दिली तेव्हा ५८ आली, तर ती खरीच नाही असं ठरलं. सॅम्पल तसंच राहिलं असेल म्हणाले. तसं होऊ शकतं हे खरं आहे, नळीतल्या रक्तातल्या पेशी साखर खात राहतात, तासाला पाच-सात टक्के कमी होत जाते, म्हणून तर साखरेसाठी राखाडी टोपणाची वेगळी नळी असते, तिच्यात ते थांबवायचं औषध असतं. पण आमचं रक्त त्याच नळीत घेतलं होतं, मी बघितलं होतं. मला तेव्हा बोलायला पाहिजे होतं. आकडा आपल्या अंदाजात बसला नाही की आकड्याला खोटं पाडायचं, ही सवय आम्हा हिशेब लिहिणाऱ्यांनासुद्धा असते.

दुसऱ्या डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला जो अगदी बरोबर होता आणि त्याच प्रश्नानं आमच्या घरात महिनाभर विष कालवलं. घरात कुणाला शुगर आहे का, गोळ्या कुठल्या चालू आहेत? अण्णांना ग्लिमेपिराईड चालू आहे. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, शुगर नसलेल्या माणसानं चुकून घेतली तर साखर धोकादायक खाली जाते, घरातल्या लहान मुलांचं असं होतं म्हणे. डॉक्टर तिला बाहेर बसवून हळू आवाजात म्हणाले, चुकून किंवा मुद्दाम, लक्ष ठेवा.

मुद्दाम. त्या रात्री सगळे झोपल्यावर मी अण्णांच्या गोळ्यांची पाकिटं काढून मोजायला बसलो. तारीख, बिल, किती गेल्या, किती उरल्या. बरोबर होत्या. दुसऱ्या रात्री परत मोजल्या. पंधरा दिवस मी रोज मोजत होतो, अण्णांचा डबा कपाटात कुलूप लावून ठेवत होतो आणि पोरीला कळू नये म्हणून काळजी घेत होतो. तिला कळलं होतं अर्थात. एक दिवस पाणी पिताना सहज म्हणाली, पप्पा, मी आजोबांच्या गोळ्या खात नाही. वाद नाही, रडणं नाही. मी मान खाली घालून बाहेर गेलो.

मग आणखी एक तपासणी, थायरॉईड. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं हार्मोन, ८ च्या वर, वाढलेलं. आम्हाला इतका आनंद झाला, कारण सापडलं! नाव सापडलं की माणसाला अर्धं बरं वाटतं. नोव्हेंबरमध्ये थायरॉईडची गोळी सुरू केली, महिन्याभरात ताजीतवानी होईल असं सांगितलं होतं. झालं उलटं. मळमळ सुरू झाली, जेवण कमी झालं, वजन ४९ होतं ते डिसेंबरात ४१ वर आलं. मग डाएट करतेस का, कॉलेजात कुणी काही बोलतं का, अभ्यासाचं टेन्शन आहे का. एकांनी तर चिठ्ठीच दिली, मनाच्या डॉक्टरांकडं जा. मनाच्या डॉक्टरांकडं जाण्यात कमीपणा नाही, आम्ही गेलोही, आणि खरं सांगायचं तर तिचं पूर्ण बोलणं शांतपणे ऐकून घेणारे तेच पहिले. त्यांनी लिहून दिलं की हिला नैराश्य वाटत नाही, शरीराचंच काही असावं, फिजिशियनला परत दाखवा. तो कागद मी फाईलमध्ये घालून ठेवला आणि जानेवारीत सौदे सुरू व्हायचे होते म्हणून थांबलो. थांबलो.

एक गोष्ट मध्येच राहिली. मीठ. ही पोरगी भडंगाचा डबा घेऊन बसायची. सांगलीच्या माणसाला भडंग आवडतं यात काय नवल, म्हणून कुणी बघितलं नाही, पण ती डब्याच्या तळाशी उरलेला मीठ-मसाला बोटानं चाटून घ्यायची. लोणच्याच्या बरणीतला खार वाटीत घेऊन नुसता प्यायची, पेरूला अर्धा चमचा मीठ. आईनं एकदा मीठ-मोहरीनं दृष्ट काढली, पोरगी वाळत चाललीया कुणाची तरी नजर लागलीया म्हणत, तर ही म्हणाली आज्जी ते मीठ टाकू नकोस गं, मलाच दे. आम्ही सगळे हसलो होतो. शरीर स्वतः सांगत होतं काय कमी पडतंय ते, स्पष्ट मराठीत सांगत होतं.

जानेवारीच्या शेवटी घरात सगळ्यांना ताप येऊन गेला. सर्दी-खोकला, तीन दिवस, सगळे उठले. ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, पाणीही टिकेना, संध्याकाळी बोलताना शब्द जड यायला लागले आणि पाय थंडगार. बोट टोचलं तर ४४. साखर घातली तर उलटून पडली. मी तिला उचलून गाडीत घातलं तेव्हा वजनच जाणवलं नाही, सहावीतल्या पोरीएवढी झाली होती. मिरजेला गेलो. सांगलीच्या माणसाला मोठं दुखणं म्हटलं की मिरज, वानलेस साहेबांनी १८९४ साली तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून अख्खा दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकातले लोक मिरजेच्या दवाखान्यांत येतायत. आम्ही कुठल्या दवाखान्यात गेलो ते महत्त्वाचं नाही.

बीपी ७६ वर ४०. ग्लुकोज सुरू केलं, सलाईन सुरू केलं. रिपोर्ट आले: सोडियम १२१, पोटॅशियम ५.९. सोडियम १३५ ते १४५ पाहिजे, पोटॅशियम पाचपर्यंत. रात्री साडेअकराला एक शिकाऊ डॉक्टर मॅडम आल्या, वय फार तर सत्तावीस, डोळ्यांखाली झोप नसल्याची काळी वर्तुळं. त्यांनी रिपोर्ट बघितले, मग पोरीकडं बघितलं, मग परत रिपोर्टकडं. मला म्हणाल्या, काका, ही आधीपासून अशीच सावळी आहे?

मी म्हणालो नाही मॅडम, उन्हानं...

त्यांनी पोरीचा हात उलटा केला, तळवा दिव्याकडं धरला. बोटांच्या पेरांवर बघितलं, कोपर बघितलं, गुडघ्यावर खो-खोत पडल्याची जुनी खूण होती ती बघितली, काळीकुळकुळीत झाली होती ती खूण. मग तोंड उघडायला लावून टॉर्चनं हिरड्या बघितल्या. आणि मला म्हणाल्या, काका तुमचा हात इकडं आणा, हिच्या हाताशेजारी ठेवा.

ठेवला. माझ्या हाताच्या रेषा पिवळ्या, बावीस वर्षांची हळद ती, साबणानं जात नाही. आणि तिच्या हाताच्या रेषा काळपट तपकिरी, जणू कुणी पेननं गिरवल्यात. मॅडम हळू म्हणाल्या, काका, ऊन हाताच्या रेषांत जात नाही. हिरड्यांत पण जात नाही.

मग त्या फार भराभर बोलायला लागल्या, नर्सला रक्त घ्यायला सांगितलं, एक नळी बर्फात ठेवायला लावली, वरिष्ठांना फोन केला आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन शिरेतून दिलं. म्हणाल्या रिपोर्ट येत राहतील, या आजारात इंजेक्शनला थांबायचं नसतं. पहाटे साडेचारला बीपी १०० वर आलं. सकाळी आठला पोरीनं डोळे उघडले, आणि मला म्हणाली, भूक लागलीय. सहा महिन्यांत हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

ॲडिसनचा आजार, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या दोन ग्रंथी निकामी होणं. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन या डॉक्टरांनी १८५५ साली पुस्तक लिहून हा पहिल्यांदा नीट सांगितला, आणि त्यांनी काय लिहिलंय, तर अशक्तपणा, भूक मरणं, हृदय कमजोर चालणं आणि कातडीचा रंग बदलणं. १८५५! कुठलीही लॅब नसताना, सोडियम मोजता येत नसताना, एका माणसानं पेशंटकडं नीट बघून आणि ते गेल्यावर त्यांच्या ग्रंथी तपासून हे ओळखलं होतं. तेव्हा उपाय नव्हता, पेशंट मरायचेच. यातलं औषध ज्या शोधातून आलं त्याला १९५० साली नोबेल मिळालं, केंडल, राईशस्टाईन आणि हेंच या तिघांना. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनाही हाच आजार होता, १९६० च्या निवडणुकीत त्यांच्या लोकांनी तो लपवला होता.

मला मोठ्या डॉक्टरांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो, हिशेबाच्या. साखर कमी का होते? एक तर खर्च करणारा जास्त खर्च करतोय, म्हणजे इन्सुलिन जास्त आहे, गोळीमुळं किंवा स्वादुपिंडात गाठ असली तर. नाही तर भरणा करणाराच नाही. आपण रात्री आठ-दहा तास उपाशी असतो तेव्हा यकृत साठवलेली साखर सोडतं आणि नवीन तयारही करतं, त्या कामाला काही हार्मोन लागतात, त्यातलं एक महत्त्वाचं कॉर्टिसॉल. ते तयार होतं मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथींमध्ये, एकेकीचं वजन चार-पाच ग्रॅम, पुस्तकात अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. त्या रात्री साखर कमी असतानाच घेतलेल्या रक्तात इन्सुलिन अगदी कमी होतं. म्हणजे खर्च जास्त नव्हताच. अण्णांच्या गोळ्यांचा प्रश्न एका आकड्यात मिटला. आणि कॉर्टिसॉल १.९, एवढ्या आजारात ते १८ च्या पुढं पाहिजे होतं. लहान वयात या आजारात साखर खाली जाण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असतं, हेही त्यांनी सांगितलं.

याच ग्रंथी आणखी एक हार्मोन करतात जे शरीरात मीठ धरून ठेवतं. ते नाही म्हणून मीठ लघवीतून निघून जातं, बीपी पडतं, उठल्यावर अंधारी येते. म्हणून भडंग, म्हणून लोणच्याचा खार. आणि रंग? ग्रंथी काम करत नाहीत म्हणून मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी त्यांना जोरजोरात हुकूम पाठवत राहते, त्या हुकमाचं नाव एसीटीएच, आणि तेच कातडीतल्या रंग करणाऱ्या पेशींनाही चेतवतं. बर्फातल्या नळीचा रिपोर्ट चार दिवसांनी आला, साठ-पासष्टच्या आत पाहिजे तिथं हजाराच्या वर. म्हणजे सहा महिने मेंदू ओरडत होता आणि तो ओरडा तिच्या अंगावर उमटत होता आणि आम्ही त्याच्यावर बेसन घासत होतो.

थायरॉईडचंही समजलं. कॉर्टिसॉल कमी असताना टीएसएच थोडा वाढलेला दिसू शकतो, आणि अशा वेळी नुसती थायरॉईडची गोळी चालू केली तर उरलंसुरलं कॉर्टिसॉलही शरीर लवकर संपवतं. म्हणून नोव्हेंबरनंतर ती ढासळली. ज्यांनी ती गोळी दिली त्यांच्यावर मी रागावलो होतो, खूप रागावलो होतो, आता तेवढा राग नाही. पण हे इथं लिहून ठेवतोय कारण वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरात असंच चाललेलं असू शकतं. थायरॉईडची गोळी घेऊन माणूस दिवसेंदिवस खचत चाललंय, वजन उतरतंय, चक्कर येतेय, रंग बदलतोय, तर डॉक्टरांना विचारा, सकाळी आठचं कॉर्टिसॉल बघायचं का. विचारायला काय जातं. आमचा टीएसएच दोन महिन्यांनी, थायरॉईडच्या गोळीशिवाय, ३ वर आला.

कारण शोधायला अजून पंधरा दिवस गेले. आपल्याकडं या ग्रंथी निकामी व्हायचं एक मोठं कारण टीबी आहे, ॲडिसन साहेबांच्या पेशंटांमध्येही बऱ्याच जणांच्या ग्रंथी टीबीनंच गेल्या होत्या. माझ्या काकांना मी लहान असताना टीबी झालेला, ते ऐकल्यावर डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे, थुंकी, पोटाचा सीटी स्कॅन सगळं केलं. टीबीत ग्रंथी सुरुवातीला सुजून मोठ्या दिसतात, हिच्या बारीक झालेल्या. मग एका अँटिबॉडीसाठी रक्त मुंबईला पाठवलं, पॉझिटिव्ह आलं. म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच पहारेकऱ्यांनी या ग्रंथींना शत्रू समजून संपवलं. का, तर त्याला उत्तर नाही. तिनं काही केलं नाही, आम्ही काही केलं नाही. ग्रंथीचा बहुतेक भाग, नव्वद टक्क्यांच्या आसपास, जाईपर्यंत शरीर कसंबसं निभावून नेतं म्हणे, म्हणजे ती दहावीचे पेपर देत होती, खो-खोचं मैदान मारत होती तेव्हाच हे आत चालू झालेलं असणार.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मी तिच्याजवळ बसलो होतो. संत्रं सोलत होतो. ती म्हणाली, पप्पा, म्हणजे मी आळशी नव्हते ना? मी नाही म्हणालो. ती म्हणाली, मला पण वाटायला लागलं होतं की मी आहे. मी नाटक करतेय आणि मलाच ते कळत नाहीये असं वाटायचं रात्री. मी काय बोलणार होतो. पोरगी स्वतःवरच शंका घ्यायला लागली होती आणि ती शंका तिला आम्ही दिली होती, जेवणाच्या ताटावर, रोज, थोडी थोडी. मी तिची माफी मागितली. बाप असून मागितली असं म्हणणार नाही, बाप होतो म्हणूनच मागायला पाहिजे होती. ती म्हणाली, संत्र्याच्या बिया काढा ना.

आता गोळ्या आहेत, जन्मभर. हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे ते कॉर्टिसॉलच गोळीतून, दिवसातून तीनदा, सकाळी उठल्या उठल्या सगळ्यात मोठा डोस कारण निसर्गतः शरीर पहाटेच ते जास्त सोडतं, आणि मिठासाठी फ्लुड्रोकॉर्टिसोनची एक गोळी. आमच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये दोन्ही नव्हत्या, मागवून घ्याव्या लागतात, म्हणून मी दोन महिन्यांचा साठा घरात ठेवतो. ही गोळी स्टेरॉईड आहे म्हटल्यावर पाहुण्यांचे परत फोन सुरू झाले. स्टेरॉईड देऊ नका, हाडं जातात, आमच्या ओळखीत एक वैद्य आहेत, काढा देतात. मी पहिल्यांदा शांतपणे समजावलं, हे वरून जास्तीचं दिलेलं नाही, शरीरात असायला पाहिजे तेवढंच आहे, चष्मा असतो तसं. शेवटी एकाला फोनवर स्पष्ट सांगितलं की ही गोळी दोन दिवस बंद केली तर माझी पोरगी मरेल, काढ्याचं परत बोलू नका. त्यानंतर फोन आला नाही. नको येऊ दे.

ताप आला की डोस दुप्पट-तिप्पट, उलट्या झाल्या तर इंजेक्शन आणि सरळ दवाखाना, हा नियम फ्रिजवर चिकटवलाय. इंजेक्शनचा एक सेट घरी, एक तिच्या सॅकमध्ये, एक माझ्या अडतीवर गल्ल्याच्या खणात. तिच्या आईनं इंजेक्शन द्यायला शिकून घेतलं, पहिल्यांदा संत्र्यावर टोचून. कॉलेजच्या मॅडमना चिठ्ठी दिली, क्लासच्या सरांना मी स्वतः भेटून आलो, त्यांचेही डोळे भरून आले. सॅकच्या पुढच्या कप्प्यात तासगावचे बेदाणे असतात, हात कापायला लागला तर चटकन तोंडात टाकायला, पण मार्चनंतर त्यांची गरज पडलेली नाही, मैत्रिणीच खाऊन संपवतात.

रंग अजून पूर्ण उतरलेला नाही. हिरड्या गुलाबी व्हायला लागल्यात, हाताच्या रेषा फिकट झाल्या. आई मध्ये एकदा तिचा हात हातात घेऊन बराच वेळ बघत बसली होती, काही बोलली नाही, मग उठून देवापाशी गेली. यंदा दिवाळीत उटणं लावायचं की नाही यावर अजून कुणी बोललेलं नाही. मिरजेच्या त्या मॅडम मे महिन्यात पुढच्या शिक्षणाला दुसरीकडं गेल्या. आम्ही जाऊन भेटलो होतो, मी एक किलो राजापुरी हळद नेली होती, स्वतः निवडून, प्रत्येक लॉटमधलं हळकुंड मोडून बघून. त्या म्हणाल्या काका मी होस्टेलवर राहते, हळदीचं काय करू. पण घेतली.

परवा रविवारी स्वयंपाकघरात डबे आवरताना हिची आई मला म्हणाली, हे बघा. भडंगाचा डबा होता, दहा दिवसांपूर्वी भरलेला, जवळजवळ तसाच. सादळून गेलं होतं भडंग. आमच्या घरात भडंग सादळलेलं मी वर्षभरात बघितलं नव्हतं. आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो थोडा वेळ. मग तिनं कढई ठेवली आणि मंद आचेवर ते परत कुरकुरीत करून घेतलं.